निळू फुले : एका श्रमिक नटाची कारकीर्द



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या पुणे शहरात वसंतऋतूतील व्याख्यानांची प्रथा सुरू केली. तेव्हापासून या प्रथेत केवढाले पंडित बोलून गेले, हे आपण जाणताच. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण मी कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि रात्रीच्या वेळी मोफत वाचनालयांत घेतले. अशा माणसाने इतिहासावर बोलावे हे धाडस आहे. आणि त्यातही एका सिनेनटावर बोलावे, हे काही जणांना विचित्र वाटेल. कामगार चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलेही, "संपावर बोलायचे सोडून तू नटावर काय बोलणार?" त्याला जे उत्तर मी दिले तेच आज जरा विस्ताराने आपल्यापुढे मांडणार आहे.

आमच्या वर्गाचा इतिहास लिहिताना पहिली अडचण येते ती कागदांची. मालकाचे चरित्र छापले जाते, त्याच्या सत्काराचे ग्रंथ निघतात, कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघते. कामगाराचे हजेरीचे मस्टर मात्र दहा-वीस वर्षांनी रद्दीत जाते. मग सत्ता त्याच्याशी कशी वागली, कोणत्या आवाजात बोलली, त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे पुढच्या पिढीला कळावे कसे? माझे उत्तर असे की, निदान महाराष्ट्रापुरते यातले पुष्कळसे एका नटाच्या कामात साठवलेले आहे. तो नट म्हणजे निळकंठ कृष्णाजी फुले, आपणां सर्वांचे निळूभाऊ.

निळूभाऊ याच पुण्याचे. घर गरिबीचे, लोखंडाचे भंगार आणि भाजीपाला विकून संसार चाले. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते येथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून कामास लागले. पगार दरमहा ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाच्या कामाला देत. पगाराचा आठवा हिस्सा! आज वर्गणीची पावती फाडताना जे मित्र कपाळाला आठ्या घालतात, त्यांनी हा हिशेब एकदा आपल्या पगाराशी करून पाहावा. पुढे स्वतःची रोपवाटिका काढावी असे निळूभाऊंच्या मनात होते. पण भांडवल नव्हते, आणि ते राहून गेले.

या माळीकामाचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लेखांतून एका ओळीत येतो आणि पुढचा मजकूर सुरू होतो. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. साहेबांच्या बागेत काम करणारा माळी दिवसभर कमरेत वाकलेला असतो. त्याच्या शेजारून माणसे जातात, बोलतात, हसतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. माळी ऐकतो आहे हे त्यांच्या गावीही नसते. ज्याची कुणी दखल घेत नाही, त्याला सारे काही दिसते. अधिकारी शिपायाशी कसा बोलतो आणि तोच अधिकारी वरच्या साहेबासमोर कसा उभा राहतो, हे पुस्तकातून शिकता येत नाही. आमच्या हमाल, झाडूवाल्या, घरकाम करणाऱ्या भगिनी यांना हे ज्ञान असते. फक्त ते मांडण्यासाठी व्यासपीठ नसते. निळूभाऊंना ते मिळाले, आणि ते मिळाले सेवा दलाच्या कलापथकात.

कलापथक हा शब्द आजच्या तरुणांच्या कानावर फारसा येत नाही, म्हणून थोडे सांगतो. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी मुंबईत लालबावटा कलापथक उभे केले. तमाशाचा बाज घ्यायचा, परंतु वगात राजाराणीऐवजी सावकार, काळाबाजारवाला आणि मजूर आणायचे, अशी ती रीत. इकडे १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलानेही आपले कलापथक उभे केले. पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले. त्यातल्या रोंग्याच्या भूमिकेत निळूभाऊ लोकांच्या नजरेत भरले. १९५७ च्या निवडणुकीत सारा पश्चिम महाराष्ट्र संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेने पेटला होता. पुण्यातून एस. एम. जोशी विधानसभेवर आणि नानासाहेब गोरे लोकसभेवर निवडून गेले, ती ही निवडणूक. त्या धामधुमीत निळूभाऊंनी 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला.

म्हणजे या नटाची तालीम झाली ती कंदिलाच्या उजेडात, गावच्या चावडीपुढे, आणि शेतावरून थकून आलेल्या माणसांसमोर. तेथे तिकीट नव्हते, त्यामुळे पैसे दिले म्हणून बसून राहण्याची सक्ती नव्हती. बोलणे खोटे वाटले की प्रेक्षक धोतर झटकून उठून जाई. पुढाऱ्याची नक्कल करायची तर त्या गावचा पुढारी पहिल्या रांगेत बसलेला असे. त्याला झोंबली तर पाहिजे, पण हातात धरण्यासारखे काही सापडता कामा नये. या अडचणीतून जो अभिनय जन्माला येतो तो आरडाओरडीचा नसतो. अर्धे वाक्य बोलावे, उरलेले डोळ्यांनी पुरे करावे, आणि हशा येईपर्यंत थांबावे. पुढे चित्रपटात ज्याला लोकांनी 'निळू फुल्यांची खास ढब' म्हटले, तिचे मूळ मला या चावडीपुढच्या रात्रींत दिसते.

आता त्या काळाच्या चित्रपटाकडे वळू. पुण्याला प्रभात कंपनीची परंपरा आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ही कंपनी १९३३ साली येथे आली. त्या वेळी नटनट्या कंपनीच्या पगारावर असत. महिन्याच्या महिन्याला पगार मिळे, आणि सुताराप्रमाणे, रंगाऱ्याप्रमाणे नटही कंपनीचाच माणूस असे. प्रभात १९५३ साली बंद पडली आणि १९६० साली त्याच जागेत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दरम्यान स्टुडिओंची पगारी पद्धत मोडली होती. नट हा दर चित्रपटाला नवा करार करणारा माणूस झाला. आमच्या भाषेत सांगायचे तर कायम कामगाराचा कंत्राटी कामगार झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

१९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. ग्रामीण तमाशापटांची लाट त्यानंतर आली. परंतु लाट यायला केवळ लावणी पुरत नाही. गावातच काहीतरी उलथापालथ चालू होती. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सोसायटी, कारखाना, पंचायत समिती, जिल्हा बँक अशा नव्या खुर्च्या गावात आल्या. सहकाराने शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्यास हात दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि जेथे खुर्ची आली तेथे तिच्यावर बसणारा आला, आणि कित्येक ठिकाणी तो पूर्वीच्या वाड्यातलाच निघाला. ऊस तोडायला मराठवाड्यातून नवराबायकोची जोडी येई. तिला 'एक कोयता' म्हणत. दोन माणसे आणि मोजणी एका हत्याराची! मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ती जोडी बांधलेली. या जोडीच्या बाजूने पाहिले म्हणजे नव्या खुर्चीचा दुसरा चेहरा दिसतो.

हा चेहरा पडद्यावर आणायला नट हवा होता. १९६८ साली अनंत माने यांच्याच 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात निळूभाऊंनी झेलेअण्णा उभा केला. कथा शंकर पाटलांची. रंगमंचावरचे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्यही त्यांचेच, आणि त्यातही निळूभाऊंचे नाव झाले होते. झेलेअण्णा पाहून लोकांनी ओळखले की हा माणूस आपण पाहिलेला आहे. जुना खलनायक मिशीला पीळ भरी, चाबूक ओढी आणि गडगडाटी हसे. निळूभाऊंचा खलनायक असे काही करीत नसे. किडकिडीत अंग, वर आलेली गालफडे, खरखरीत आणि खाली उतरलेला आवाज. तो समोरच्याची विचारपूस करी, पोराबाळांची चौकशी करी, आणि बोलता बोलता त्याचा गळा दाबी. समोरचा घाबरलेला असल्यामुळे याला आवाज चढवावा लागत नसे. सत्ता मुरली म्हणजे ती हळू बोलते, हे त्यांनी दाखवून दिले.

येथे थोडी घरची गोष्ट सांगतो. माझे वडील भुसार बाजारात हमाल होते आणि आई घरी विड्या वळत असे. गणेशोत्सवात आमच्या पेठेत रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवीत. पुढची जागा मिळाली नाही तर आम्ही पोरे पडद्याच्या मागे जाऊन बसत असू. तेथून चित्र दिसे, पण डावा हात उजवा दिसे. अशाच एका रात्री पडद्यावर निळूभाऊ आले आणि माझ्या शेजारी बसलेली आई उघडपणे म्हणाली, "मुडदा बशिवला मेल्याचा!" भोवतालच्या बायकांनीही दुजोरा दिला. वडील मात्र हसून म्हणाले, "अगं, सेवा दलातला माणूस आहे तो. आपल्या बाबांच्या बरोबरचा." बाबा म्हणजे हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव. आईचा विश्वास बसेना. "असेल," ती म्हणाली, "पण याला ही माणसे एवढी ठाऊक कशी?" या प्रश्नाचे उत्तर मला पुढे कित्येक वर्षांनी मिळाले.

१९९० नंतरची गोष्ट. शहराबाहेरच्या एका कारखान्यात अकरा कामगारांना काढून टाकले होते. मी तेव्हा युनियनच्या कामात नवा होतो. बोलणी करायला गेलो ती छाती ताणून. मालक ओरडेल, मग आपणही ओरडू, अशी तयारी. मालक ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला. माझ्या वडिलांची प्रकृती विचारली. एवढ्या लहान वयात एवढी जबाबदारी घेतोस, कौतुक आहे, म्हणाले. अकराही जणांना महिन्याभरात परत घेऊ, माझा शब्द आहे, असे त्यांनी अगदी हलक्या आवाजात सांगितले. मी तो शब्द घेऊन बाहेर आलो. कागद घेतला नाही. महिन्याने चौघांना घेतले आणि सात जण रस्त्यावर राहिले. पुढे दावा लावला, पण तोवर माणसे पांगली होती. त्यांतला एक लातूरकडचा होता. भाड्याची खोली सोडून तो कोठे गेला ते मला आजतागायत समजलेले नाही. चूक मालकाची होतीच. परंतु कागद न घेण्याची चूक माझी, आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याने भरला. त्या दिवशी फाटकाबाहेर उभा राहिल्यावर एकदम लक्षात आले की, या माणसाला मी लहानपणीच पडद्यावर पाहिले होते. ओळखायला मात्र उशीर झाला.

म्हणून 'सामना' या चित्रपटाविषयी मला तटस्थपणे बोलता येत नाही. विजय तेंडुलकरांचे लेखन, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, निर्माते रामदास फुटाणे, वर्ष १९७५. त्याच वर्षी तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेसाठी गेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळूभाऊ, आणि गावात भटकत आलेला, दारूने खचलेला जुना गांधीवादी मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव मास्तराला घरात घेतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर मात्र एकच गोष्ट विचारीत राहतो : मारुती कांबळे नावाचा जो माणूस होता, त्याचे काय झाले? साधा प्रश्न. त्याला दंगल लागत नाही, बंदूक लागत नाही. एका नाहीशा झालेल्या माणसाची कुणीतरी चौकशी करतो आहे, एवढ्यानेच सारा वाडा हादरू लागतो.

निळूभाऊंचे मोठेपण येथे आहे की त्यांनी हिंदुरावाला राक्षस केला नाही. हिंदुराव कर्तबगार आहे. त्याने ओसाड माळावर कारखाना उभा केला आहे, आणि गावाचे भले आपणच केले हा त्याचा विश्वास खरा आहे. त्याला पाहुणचार मनापासून करता येतो. आणि याच माणसाच्या हाताखाली एक माणूस नाहीसा होतो. मालकवर्गातली पुष्कळ माणसे मी पाहिली. त्यांतली बहुतेक अशीच होती. त्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु तसे केल्याने संघटनेचे काम होत नाही. माणूस बरा असून व्यवस्था वाईट असू शकते, हे ज्याला समजले त्यालाच कागदावर सही घेण्याचे महत्त्व समजते.

याच्या आधी, १९७२ साली, तेंडुलकरांचाच 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंगांनी रंगभूमीवर आणला होता. छापखान्यात पुस्तके बांधणारा, टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरात ठेवणारा सखाराम निळूभाऊंनी केला; चंपा झाल्या लालन सारंग. परिनिरीक्षण मंडळाने बत्तीस ठिकाणी कात्री सुचवली, वादळ उठले, आणि सारंगांनी उच्च न्यायालयात जाऊन ते नाटक सोडवून आणले. त्या वादात अश्लीलतेची चर्चा फार झाली. सखाराम हा कामगार आहे याची चर्चा फारशी झाली नाही. बाहेर ज्याचा अपमान होतो तो घरी येऊन बाईवर मालकी गाजवतो, हे आमच्या वस्त्यांतले उघड गुपित आहे. आम्ही युनियनवाले त्यावर बोलत नाही. 'हा घरगुती प्रश्न आहे' असे मी स्वतः किती वेळा म्हटले असेल! निळूभाऊंनी मालकाचे सोंग जितक्या खरेपणाने काढले तितक्याच खरेपणाने कामगाराचेही काढले, आणि आपल्या माणसाला त्यात सूट दिली नाही.

पुढे १९७७ च्या 'जैत रे जैत' मध्ये ठाकरांच्या पाड्यावरचा भगत, १९७९ च्या 'सिंहासन' मध्ये पत्रकार दिगू टिपणीस, आणि रंगभूमीवर जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' मध्ये स्वातंत्र्यलढ्यातले वृद्ध अप्पाजी. 'सिंहासन' अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. त्यात आमच्या धंद्याचा एक माणूस आहे : सतीश दुभाषींनी उभा केलेला कामगारपुढारी डिकास्टा. मुंबई थांबवण्याची ताकद मनगटात असलेला आणि त्याच ताकदीचा राजकारण्यांशी सौदा करणारा हा पुढारी पाहताना मी खुर्चीत चुळबुळ करतो. दिगू हे सारे पाहतो, लिहितो, आणि अखेरीस त्याचे भान सुटते. ज्या नटाने इतकी वर्षे सत्ताधारी रंगवला त्यालाच येथे सत्तेचा हतबल साक्षीदार केले आहे. हा तोच माळी आहे असे मला वाटते, ज्याच्या शेजारून माणसे बोलत जातात.

आता दुसरी बाजू. निळूभाऊंनी केलेले सारेच चित्रपट 'सामना'च्या तोलाचे नव्हते, आणि तसे म्हणणे त्यांनाही आवडले नसते. पुष्कळसे एकाच साच्याचे. सरपंच किंवा पाटील, त्याची वाईट नजर, एक अबला, आणि शेवटच्या रिळात मारामारी. त्यात स्त्रीला सावज होण्यापलीकडे काम नसे. प्रेक्षकाने खलनायकाला शिव्या द्याव्यात, चार तास राग काढावा, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या सरपंचाला रामराम घालून कामाला जावे, एवढेच त्यातून घडत असेल तर त्या चित्रपटांनी कोणाचे काम केले, हा प्रश्न मी टाळणार नाही. परंतु दोष देताना धंद्याची रीत पाहावी लागते. मघाशी सांगितले त्याप्रमाणे नट हा कंत्राटी कामगार झालेला होता. लेथवर हात बसलेल्या माणसाला मालक आयुष्यभर लेथवरच ठेवतो. त्याला दुसरे यंत्र चालवता येत नाही म्हणून नव्हे, तर लेथवर त्याच्याकडून माल हमखास निघतो म्हणून. निळूभाऊंचा पाटील हमखास चाले. हिंदीनेही त्यांना तसेच वापरले. १९८३ च्या 'कुली' मध्ये ते होते, १९८४ च्या 'सारांश' मध्ये वृद्ध जोडप्याला छळणारा पुढारी गजानन चित्रे त्यांनीच केला. ठराविक कामातही त्यांचा हात हलका पडला नाही, ही कारागिराची इज्जत झाली. १९९१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला तो रंगभूमीवरच्या अभिनयासाठी.

या साचेबंद प्रतिमेला घट्ट करण्यात दूरदर्शनचाही वाटा आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याच्या घराघरांत चित्र आले. ज्याच्या घरी संच असे त्याच्या उंबऱ्यापर्यंत चाळीतली माणसे बसत. चित्रपटगृहात जे पैसे देऊन एकदा पाहिले जाई ते आता फुकट आणि पुनःपुन्हा दिसू लागले. शंभर घरांतल्या बायका आपापल्या ओट्यावर निळूभाऊंना शिव्या देऊ लागल्या. पुढे खासगी वाहिन्यांवरच्या विनोदी कार्यक्रमांनी त्या आवाजाची आणि 'वाड्यावर' बोलावण्याची नक्कल उचलली. आजच्या पोरांना निळू फुले ठाऊक असतात ते बहुधा तेवढेच. ज्याने सत्तेची नक्कल करून सत्ता उघडी पाडली, त्याची नक्कल आता सत्ता वगळून केली जाते. यात हसण्यासारखे काय आहे, हे नीटसे समजत नाही.

आणि हा पडद्यावरचा वाडेवाला प्रत्यक्षात काय करीत होता? राष्ट्र सेवा दल त्यांनी सोडले नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर उभे राहिले. डॉ. लागू, दाभोलकर, बाबा आढाव आणि निळूभाऊ यांनी मिळून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यासाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग नामवंत नटनट्यांनी मिळून ठिकठिकाणी केले आणि पैसा जमवला. त्या रकमेच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची सोय झाली. कल्पना वरवर साधी दिसते, पण तिच्या मागचा विचार कामगारांचा आहे. कार्यकर्ता हाही श्रम करतो. त्याच्या घरातही चूल पेटावी लागते. त्याच्या त्यागाचे गोडवे गाऊन त्याला उपाशी ठेवणे हे शोषणच आहे. माझ्या ओळखीचे कित्येक चांगले कार्यकर्ते घरच्या ओढाताणीपायी चळवळ सोडून गेले. म्हणून या निधीचे मोल मला कळते. ८० रुपयांतले १० रुपये देणारा माळी आणि निधीसाठी तोंडाला रंग लावणारा नामवंत नट, या दोघांत मला काही फरक दिसत नाही.

१३ जुलै २००९ रोजी याच पुण्यात कर्करोगाने निळूभाऊ गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १७ डिसेंबर २०१९ रोजी डॉ. लागू गेले. ज्या पिढीने नाटकाच्या तिकिटातून चळवळीची भाकरी काढली ती पिढी पाहता पाहता पडद्याआड झाली.

समारोप करतो. माझे श्रोत्यांपाशी मागणे आहे. या शहराच्या पेठांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून, चाळींतल्या पत्र्याच्या पेट्यांतून कलापथकांची हस्तलिखिते, वगांच्या वह्या, हस्तपत्रके अजून पडून असतील. हे कागद वाळवीच्या आधी एखाद्या ग्रंथालयाच्या हाती पडावेत. कोणा वृद्धाला त्या काळातले प्रयोग आठवत असतील तर घरच्या तरुणांनी ते लिहून घ्यावेत. आमच्या वर्गाचा इतिहास सरकारी दप्तरात सापडणार नाही. सापडला तर अशाच पेट्यांत सापडेल.

आणि एक शेवटचे. आमच्या युनियनच्या शिबिरात काही वर्षांपूर्वी आम्ही 'सामना' दाखवला. चित्रपट संपल्यावर दिवे लागले तरी बराच वेळ कोणी उठले नाही. मग एका तरुण कामगाराने मला विचारले, "दादा, आपल्यातून काढलेल्या लोकांची यादी आपल्याकडे आहे का?" नव्हती. त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. कामावरून कमी झालेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, तारीख आणि पुढे त्याचे काय झाले, असे चार रकाने. पहिल्या ओळीवर त्या लातूरकडच्या माणसाचे नाव आहे. चौथा रकाना अद्याप कोरा आहे, आणि माझी चौकशी चालू आहे.